साडेचार एकर फुलपाखरं

२०२४च्या ऑगस्टमध्ये आत्या अमेरिकेत, मिनेसोटाला आमच्याकडे आली. बॅग खाली ठेवायच्या आधी ती मागच्या अंगणात डोकावली आणि म्हणाली, "अगं, ही तर रुई!"

रुई नव्हे, मिल्कवीड. पण आत्या फारशी चुकली नव्हती. दोन्ही झाडं एकाच कुळातली. तशीच जाड, मऊ लव असलेली पानं, आणि पान तोडलं की तसाच चिकट पांढरा चीक. आत्या वाईची. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांचा हार घालायचा हा तिचा जुना नेम. इथे मारुती फोटोतला आणि रुई ही अशी. पहिल्याच शनिवारी तिनं अकरा पानं तोडून ओवायला घेतली, तर एका पानाच्या पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढा फिकट पिवळसर दाणा दिसला. मोनार्क फुलपाखराचं अंडं. आत्यानं ते पान अलगद वेगळं काढलं, मारुतीला दहा पानांचा हार घातला आणि म्हणाली, "त्याला सांगितलंय मी. एक पान उसनं राहिलं."

चार दिवसांनी त्या दाण्यातून केसाएवढी अळी निघाली. आधी तिनं स्वतःचं कवच खाल्लं, मग पानावर एक गोल खाच कुरतडली आणि त्या गोलाच्या आतलंच पान खायला लागली. खाच कशासाठी? चीक थांबवायला. एवढीशी अळी चिकात अडकली तर तिथेच मरते. मोठ्या अळ्या पानाची मधली शीरच तोडतात. त्या चिकातलंच विष मात्र त्या अंगात साठवतात, म्हणून पक्षी पुढे फुलपाखराच्या वाटेला जाताना दोनदा विचार करतात. आपल्याकडे रुईवर वाढणारं केशरी पाखरू, प्लेन टायगर, ते याचंच भावंड. त्याचीही रीत हीच. आत्याला हे मारुतीच्या देवळामागच्या रुईमुळे माहीत होतं. नाव तेवढं माहीत नव्हतं.

दोन आठवड्यांत अळीनं चार वेळा कात टाकली आणि जन्मावेळच्या वजनाच्या सुमारे दोन हजार पट झाली. मग कोष. हिरवागार, आणि वर सोनेरी टिकल्यांची रांग. आत्या दिवसातून चारदा चष्मा लावून तो बघायची.

उन्हाळ्यातली मोनार्क जेमतेम दोन ते सहा आठवडे जगतात. पण उन्हाळ्याच्या शेवटी जन्मणारी पिढी वेगळी. ती आठ-नऊ महिने जगते, लगेच जोडी जमवत नाही, अंडी घालत नाही. फुलांतला रस पिऊन चरबी साठवते आणि दक्षिणेला निघते, थेट मध्य मेक्सिकोतल्या डोंगरांकडे. वजन अर्धा ग्रॅम, प्रवास तीन-चार हजार किलोमीटरचा. कॅन्सस विद्यापीठातल्या 'मोनार्क वॉच' या प्रकल्पाकडून करंगळीच्या नखापेक्षा लहान, नंबर छापलेले गोल स्टिकर मिळतात. ते मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मधल्या मोठ्या कप्प्यावर चिकटवायचे आणि पाखरू सोडून द्यायचं. आम्ही पंचवीस मागवले होते. आत्यानं तेहेतीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. तिनं एक शंभर पानी वही आखली. अनुक्रमांक, स्टिकरचा नंबर, नर की मादी, तारीख, शेरा. नर ओळखणं सोपं, त्याच्या मागच्या पंखांवर एकेक काळा ठिपका असतो. शेऱ्यात एका ठिकाणी लिहिलंय, "उडण्यास नाखूश. दुपारी उडाले."

जानेवारीत बाहेर गुडघाभर बर्फ असताना आत्यानं ती वही काढली. "नावं घातलीत पंचवीस पोरांची. हजेरी कुणी घ्यायची?"

दिवस पहिला, १४ फेब्रुवारी, शुक्रवार

भारतीय पासपोर्टला मेक्सिकोचा व्हिसा लागतो, पण अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर वेगळा काढावा लागत नाही. हे कळल्यावर आत्याचं तिकीट दहा मिनिटांत निघालं. नवऱ्याची समजूत काढायला त्याहून वेळ लागला, कारण हे डोंगर ज्या मिचोआकान राज्यात आहेत त्याच्यापुढे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या यादीत सरळ "जाऊ नका" असं लिहिलेलं. शेवटी ओळखीतून खात्रीचा ड्रायव्हर मिळाला आणि रात्री रस्त्यावर राहायचं नाही या अटीवर परवानगी मिळाली.

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटरवर आहे. विमानतळाचा जिना चढतानाच आत्या थांबली. "महाबळेश्वर किती गं?" त्याच्या दीडपटीहून जास्त. तिनं मान डोलावली आणि एक पायरी, एक श्वास असा हिशेब सुरू केला. मुक्काम विमानतळाजवळच. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

दिवस दुसरा, १५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी निघालो. तोलुकाच्या पुढे डावीकडे नेवादो दे तोलुकाचा ज्वालामुखी, माथ्यावर बर्फाची एक पुसट रेघ. सिताकुआरो मागे टाकून गाडी डोंगरात शिरली आणि दुपारी आम्ही आंगांगेओला पोचलो. हे चांदीच्या खाणींचं गाव. दरीत लांबच लांब पसरलेलं, एकच मुख्य रस्ता, दोन्हीकडे कौलारू घरं, चौकात अगदी शेजारी-शेजारी दोन चर्च. खाणी कधीच थंडावल्या. २०१०च्या फेब्रुवारीत मोठ्या पावसानं दरडी आणि पूर आला, त्यात बरीच घरं आणि माणसं गेली. आता नोव्हेंबर ते मार्च हे चार-पाच महिने गावाला फुलपाखरं पोसतात.

हॉटेलात आमच्या नावाची खोलीच नव्हती. पैसे घेतल्याची पावती मोबाईलवर दाखवली तर काउंटरवरच्या पोरानं ती अशा कौतुकानं पाहिली, जणू माझ्या मुलांचा फोटो आहे. तासाभरानं दुसरी खोली मिळाली. गरम पाणी नव्हतं, पण एकेका पलंगावर चार-चार जाड कांबळी. रात्री ती चारही लागली.

दिवस तिसरा, १६ फेब्रुवारी, रविवार

दोन चुका केल्या. पहिली, एल रोसारियोला, म्हणजे फुलपाखरांच्या अभयारण्यात, रविवारी गेलो. दुसरी, ढगाळ हवा बघूनही गेलो.

आंगांगेओहून मालवाहू पिकअपमध्ये उभं राहून वर जायचं. रस्त्यानं कंबरडं मोडतं. वर पोचलो तर जत्रा. मेक्सिको सिटीहून आलेली कुटुंबंच्या कुटुंबं, फुलपाखरांचे टी-शर्ट, फ्रिजवर लावायचे चुंबक, निळ्या मक्याच्या रोट्या भाजणाऱ्या बायका. आत्याची त्या दिवशी संकष्टी. मी तिच्यासाठी केळी घेतली होती, पण एका टपरीवर तिला गोल वड्या दिसल्या आणि ती थबकलीच. राजगिऱ्याची वडी! तशीच, लाह्या फोडून गुळाच्या पाकात घातलेली. इथे तिला आलेग्रिया म्हणतात, म्हणजे आनंद. राजगिरा मुळातला इकडचाच, मेक्सिकोत तो हजारो वर्षं पिकतो. आमच्या उपासाचं सामान इथून आलंय हे ऐकल्यावर आत्यानं सहा वड्या घेतल्या. एक तिथेच खाल्ली.

स्थानिक वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत. जमीन एहिदोची, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची. वाटाडे, घोडेवाले, टपऱ्या सगळं गावातल्याच घरांचं. आमच्याबरोबर पन्नाशीच्या एक बाई आल्या. आत्यानं त्यांना लगेच "ताई" म्हणायला सुरुवात केली आणि त्याही ओ देऊ लागल्या. थोडा चढ घोड्यावर, पुढे शेकडो पायऱ्या. तीन हजार मीटरच्या वर हवा इतकी विरळ की माझीही बोलती बंद. आत्या तर पाढे म्हटल्यासारख्या पायऱ्या मोजत होती.

मग दोरी आली, शांत राहा अशी पाटी आली आणि ताईंनी बोट वर केलं.

"कुठायत?" आत्यानं कुजबुजून विचारलं.

मलाही दिसेनात. उंच, काळपट ओयामेल झाडं, फरच्या जातीतली. फांद्यांवर वाळक्या पाल्याचे घोस लटकलेले, मळकट करड्या रंगाचे. खोडांनाही सालीसारखा तसाच थर. झाडं रोग लागून सुकली असावीत असंच वाटलं. डोळे सरावले आणि मग त्या पाल्याला शिरा दिसल्या, काळ्या कडा दिसल्या, कडांवर पांढरे ठिपके दिसले. पाला नव्हताच. मिटलेले पंख होते सगळे. एकावर एक, कौलं रचावीत तसे. दोन मिळून ग्रॅमभर वजनाची ही पाखरं, पण त्यांच्या भारानं फांद्या खाली वाकल्या होत्या.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मोजतात कसे?"

मोजतच नाहीत. एकेक मोजणं शक्य नाही, म्हणून डिसेंबरात, थवे सगळ्यात दाट बसलेले असतात तेव्हा, पाखरं असलेल्या झाडांभोवती सीमा आखून जंगलाचं क्षेत्रफळ काढतात. १९९६-९७च्या हिवाळ्यात ते १८.१९ हेक्टर होतं. २०१३-१४मध्ये ०.६७. आमच्या आधीच्या वर्षी, २०२३-२४मध्ये, ०.९०. आत्यानं मनात गुणाकार केला. "म्हणजे पंचेचाळीस एकरांवरून सव्वादोन एकरांवर. आमच्या भावकीतल्या वाटणीसारखंच झालं की." एका हेक्टरात साधारण दोन कोटी फुलपाखरं असावीत असा एक अंदाज आहे, पण 'साधारण' हा शब्द ऐकल्यावर आत्यानं नाक मुरडलं.

घसरण का झाली, त्याचं एक कारण आमच्या अंगणाबाहेरच आहे. १९९६पासून अमेरिकेत तणनाशकाला दाद न देणारं सोयाबीन आलं, मागून मका आला. मग शेतात बिनधास्त फवारणी सुरू झाली आणि मक्याच्या ओळींमधलं मिल्कवीड गेलं. मोनार्कची अळी दुसरं काहीच खात नाही. दुसरं कारण इकडचं, जंगलतोड. ओयामेलचं दाट छत हे या पाखरांचं इरलंही आहे आणि घोंगडंही. पावसात कोरडं ठेवतं, रात्री ऊब धरून ठेवतं. छताला भोक पडलं की पाखरं भिजतात, आणि भिजलेलं पाखरू कोरड्यापेक्षा लवकर गोठतं. २००२च्या जानेवारीत आधी पाऊस झाला आणि मागोमाग कडाक्याची थंडी पडली, तेव्हा इथली आणि जवळच्याच सिएरा चिंकुआ डोंगरातली चारातली तीन फुलपाखरं मेली.

एल रोसारियोची देखरेख करणारे ओमेरो गोमेस गोन्सालेस हे आधी स्वतः लाकूडतोड्या होते. नंतर त्यांनीच गावाला झाडं राखण्यातली कमाई पटवली. जानेवारी २०२०मध्ये ते बेपत्ता झाले आणि दोन आठवड्यांनी विहिरीत त्यांचा मृतदेह सापडला. ताईंनी हे थोडक्यात सांगितलं आणि लगेच पायऱ्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं.

ऊन आलं नाही. वीसेक मिनिटं झाली आणि गर्दीमुळे आम्हाला पुढे सरकवलं. माझ्यामागचा एक पोरगा रडत होता, त्याला उडणारी फुलपाखरं हवी होती. मलाही हवी होती, पण माझं वय रडायचं नव्हतं.

उतरताना वाटेत एक मादी पडलेली दिसली. पंख किंचित उघडे, आणि सगळं अंग थरथरत होतं. मी म्हटलं, मरतेय. ताई म्हणाल्या, नाही, तापतेय. शरीर साधारण १३ अंशांपर्यंत पोचल्याशिवाय यांना उडता येत नाही, म्हणून उडायचे स्नायू जागच्या जागी हलवून ऊब आणतात. त्याहून थंडी असली तर निदान सरपटत झुडपावर चढतात, कारण जमिनीवर दव गोठतं आणि रात्री उंदीर येतात. ताईंनी वाळकी काडी पुढे धरली. मादीनं एकेक पाय उचलून ती पकडली. चारच पाय दिसत होते. पुढचे दोन छातीशी दुमडलेले असतात. काडी झुडपात खोचून आम्ही निघालो. आत्या तीनदा मागे वळली.

रात्री दहा वाजले तरी डोंगराआडून चंद्र येईना. आत्या कांबळं पांघरून गॅलरीत उभी. आला एकदाचा. तिनं हात जोडले आणि उरलेल्या वड्या संपवल्या.

दिवस चौथा, १७ फेब्रुवारी, सोमवार

जाग आली तीच खिडकीतल्या उन्हानं.

सिएरा चिंकुआ आंगांगेओच्या उत्तरेला, गाडीनं जवळच. सोमवार, त्यामुळे माणसं मोजकी. मोठ्या कुरणावर घोडे उभे होते. आत्याचा पोशाख पंजाबी ड्रेस, त्यावर दोन स्वेटर आणि कानाला मफलर. घोडेवाल्या पोराला तिनं मराठीत बजावलं, "पळवायचं नाही." त्यानं पळवला नाही. कुरण संपून झाडी लागली, मग उतार, तिथे घोडे सोडले आणि दरीच्या कडेला येऊन बसलो. समोर कालच्यासारखेच घोस. दव अजून ओलं. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं.

पहिली किरणं शेंड्यावर पडली. काही झालं नाही. ऊन हळूहळू फांदीवरून खाली सरकलं आणि ज्या घोसावर पडलं त्याचा रंग बदलला. मिटलेले पंख उघडत होते. करडं होतं ते केशरी होत होतं, ऊन पुढे सरकेल तसं तेही पुढे सरकत होतं. पिवळ्या-काळ्या अळीचं हे रूप मी दरवर्षी अंगणात बघते, पण एकेक बघते. इथे अख्खं झाड पेटल्यासारखं उजळत गेलं. तेवढ्यात एक ढग आला, सावली पडली, आणि एका फांदीवरची सगळी पाखरं एकदम सुटली.

आवाज झाला. तो आवाज मला कुणीतरी आधी सांगायला हवा होता. फुलपाखराला आवाज असतो हे कुठे ठाऊक होतं? आत्या म्हणाली, "सुपात कोंडा पाखडतायत बघ." तसाच. हलका, कोरडा, सगळीकडून येणारा. ढग गेला आणि ती परत बसली. नंतर ऊन तापलं तशी झाडंच्या झाडं सुटली आणि दरीतून खाली पाण्याकडे धार लागली. आमच्या डोक्यावरून, खांद्यांमधून, आत्याच्या मफलरवर दोन, माझ्या बुटावर एक. खाली ओल्या मातीवर ती गच्च बसली होती, पंख मिटून, सोंड चिखलात. हिवाळाभर ती जवळजवळ साठवलेल्या चरबीवर काढतात, पण पाणी लागतंच. म्हणूनच थंडी हवी, पण बेतानं. फार गारठा पडला तर गोठतात आणि हिवाळा उबदार झाला तर उगाच उडून चरबी संपवतात.

फेब्रुवारीच्या मध्यापासून आणखी एक गोष्ट सुरू होते. आमच्यासमोर एका नरानं उडत्या मादीला हवेतच धरलं आणि दोघं पाचोळ्यात आदळली. झटापट झाली. मग नर तिला तशीच लटकवून वर झाडात घेऊन गेला. प्रेमळ वगैरे म्हणावं असं त्यात काही नव्हतं. पाच-सहा महिने थांबवून ठेवलेलं सगळं आता उरकायचं असतं. मार्चमध्ये ही उत्तरेला निघतील, टेक्सासच्या आसपास मिल्कवीडवर अंडी घालतील आणि मरतील. त्यांची पोरं पुढे सरकतील. मिनेसोटाला पोचतील ती बहुतेक पोरंच, आणि पुढच्या शरदात इथे परत येतील ती नातवंडं-पतवंडं.

"म्हणजे आत्ता बसलंय त्यातलं एकही आधी इथे आलेलं नाही?" आत्यानं विचारलं.

"एकही नाही."

"मग वाट कोण दाखवतं?"

सूर्य दाखवतो. पण सूर्य दिवसभर सरकतो, तेव्हा वेळेचा हिशेब लागतो आणि ते घड्याळ असतं त्यांच्या मिशांमध्ये. शास्त्रज्ञांनी मिशा काळ्या रंगानं रंगवून पाहिल्या, तर पाखरं चुकीच्या दिशेला निघाली. ढगाळ हवेत पृथ्वीच्या चुंबकत्वाचाही आधार मिळतो. एवढं सांगून झाल्यावर आत्या म्हणाली, "मी वारीसारखं म्हणणार होते. पण वारीत पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत चालता येतं. इथे पुढे कुणी नाहीच."

मग तिनं वही काढली. दुर्बिणीतून एकेक फांदी, एकेक मिटलेला पंख. पाऊण तास. स्टिकर एकही नाही. स्टिकर बहुधा मेलेल्या पाखरांवरच सापडतात, आणि जमिनीवर मेलेली कमी नव्हती. कितीतरी ठिकाणी नुसते चार पंख पडले होते, मधलं शरीर गायब. हे पक्ष्यांचं काम. इथले दोन पक्षी हे विष पचवतात किंवा चुकवतात. एक जाड चोचीचा ग्रोसबीक, तो अख्खं पोट गिळतो. दुसरा काळ्या पाठीचा ओरिओल, आपल्या हळद्याचा इंग्रजीतला नामबंधू, नात्यानं कुणीच नाही. तो पोट चिरून नेमकं आतलं काढतो आणि जास्त विषारी साल टाकून देतो. आत्याला या दुसऱ्याचं कौतुक वाटलं. "सीताफळ खातो मेला."

आमची धडपड बघून वाटाड्यानं खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत एक सुटा पंख, त्यावर गोल पांढरा स्टिकर. हे लोक ते जपून ठेवतात, कारण मोनार्क वॉचची माणसं येऊन ते पैसे देऊन विकत घेतात. आत्यानं वहीतले पंचवीसही नंबर बोट ठेवून तपासले. मग उलट्या क्रमानं पुन्हा तपासले. आमचा नव्हता. मी म्हटलं, आता सगळ्यांपुढे गैरहजर लिही. "घंटा कुठे झालीये अजून," म्हणाली आणि वही पिशवीत टाकली.

दिवस पाचवा, १८ फेब्रुवारी, मंगळवार

दक्षिणेला माचेरोस नावाचं छोटं गाव आहे, मेक्सिको याच नावाच्या राज्याच्या हद्दीत. वर सेरो पेलोन, म्हणजे टकल्या डोंगर. ही चढण इतकी उभी की घोड्याच्या मानेला मिठी मारून बसावं लागतं. आत्याच्या गुडघ्यांनी सकाळीच राजीनामा दिला. ती खाली घरमालकिणीजवळ थांबली, मी एकटी गेले.

या डोंगराला इतिहास आहे. टोरोंटोचे फ्रेड आणि नोरा अर्कहार्ट हे जोडपं कित्येक दशकं एकच प्रश्न घेऊन बसलं होतं, मोनार्क हिवाळ्यात जातात कुठे? त्यांनी पंखांवर कागदी खुणा चिकटवायला सुरुवात केली, शेकडो हौशी लोक जोडले, पण खुणा टेक्सासपर्यंत येऊन हरवायच्या. शेवटी मेक्सिकोत राहणारा केन ब्रगर आणि मिचोआकानची कातालिना आग्वादो या दोघांनी डोंगर पालथे घातले आणि २ जानेवारी १९७५ला सेरो पेलोनवर त्यांना थवे सापडले. ब्रगर रंगांध होता म्हणे. जगातल्या सगळ्यात केशरी झाडाखाली उभा राहिलेला पहिला संशोधक, आणि त्याला केशरीच धड दिसत नाही! अर्थात आसपासच्या गावांना ही पाखरं पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतीच. ती साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला, 'मृतांचा दिवस' या इकडच्या पितरांच्या सणाच्या सुमारास येतात. म्हणून इथले मासाहुआ लोक त्यांना परतणाऱ्या पूर्वजांचे आत्मे मानतात. शोध लागला तो बाहेरच्यांना.

पुढच्या वर्षी अर्कहार्ट स्वतः इथल्या डोंगरांत आले. भारानं एक फांदी मोडून त्यांच्यासमोर पडली, आणि त्या ढिगात एका पाखरावर खूण होती. मिनेसोटातल्या चास्का गावची, शाळेतल्या पोरांनी आणि त्यांच्या शिक्षकानं लावलेली. चास्का आमच्या घरापासून गाडीनं वीस मिनिटांवर आहे, तिथे मी किराणा आणायला जाते.

त्या दिवशी वर आम्ही चौघंच. घोडे बांधून झाडीत शिरलो. दोरी नाही, पाट्या नाहीत. थवा रोसारियोपेक्षा लहान, पण अगदी हाताच्या उंचीवर. तासभर बसले. फोटो चारच काढले.

खाली आले तर आत्या अंगणात एका कुंडीपुढे बसलेली. "बघ, हळदीकुंकू!" लाल-पिवळ्या फुलांचे झुबके. खरंच, आपल्याकडे ओढ्याकाठी रानटी वाढतं ते हळदीकुंकू, तेही मिल्कवीडच, आणि मूळ याच बाजूचं. अमेरिकेच्या दक्षिणेत लोक ते हौसेनं बागेत लावतात. पण ते थंडीतही हिरवंच राहतं, मग काही पाखरं प्रवास सोडून तिथेच रेंगाळतात, आणि त्याच त्या पानांवर एका परजीवीचे बीजाणू साचत जाऊन पंख वाकडे झालेली पिल्लं निघतात. स्थानिक जातीचंच मिल्कवीड लावा असं जे सांगतात ते म्हणूनच. मी हे सगळं सांगत होते, तोवर आत्यानं घरमालकिणीच्या कपाळाला कुंकू लावून झालं होतं.

दिवस सहावा, १९ फेब्रुवारी, बुधवार

परतीचा रस्ता व्हाये दे ब्राव्होवरून. घाटात ड्रायव्हरनं अचानक वेग तोडला. फुलपाखरं रस्ता ओलांडत होती, एका बाजूच्या जंगलातून दुसऱ्या बाजूच्या पाण्याकडे. तिथे वेगमर्यादेच्या पाट्या आहेत. मागचा ट्रक हॉर्नवर हॉर्न देत होता, ड्रायव्हरनं आरशात पाहिलंसुद्धा नाही.

मार्चमध्ये त्या हिवाळ्याचा आकडा आला, १.७९ हेक्टर. आधीच्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट. आत्याला फोनवर सांगितलं, तर ती लगेच म्हणाली, साडेचार एकराला जरा कमी. पण ते नंतरचं. त्या सकाळी घाटात गाडी चालत्या माणसाच्या वेगानं सरकत होती, काच खाली होती आणि आत्या मांडीवर वही उघडी टाकून मोजत होती. त्रेचाळीसला दोन एकदम आली, ती चुकली. "थांबव गं जरा त्याला," म्हणाली आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.